एस्सिटालोप्रामने उदासी उतरली, लक्ष मात्र लागत नाही. आता मिथाइलफेनिडेट सुचवलंय, दोन्ही घेतलेलं कोणी आहे का?

फोंड्याची_वही

नमस्कार. मी फोंड्याला राहते, पणजीत एका सीए ऑफिसात जीएसटीचं काम बघते. वय ३६. बाबा गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात मी पार खचले. सकाळी चहाचं आधण ठेवायचं म्हटलं तरी गॅससमोर उभी राहून रडू यायचं. तेव्हापासून एस्सिटालोप्राम चालू आहे, सध्या १० मिलिग्रॅम.

गोळीबद्दल मी वाईट बोलणार नाही. रडणं थांबलं, पहाटे चारला जाग येऊन छातीत गोळा यायचा तोही गेला. सुरुवातीला मळमळ होती. झोप पुरी होऊनही जांभया यायच्या, त्याही नेमक्या क्लायंट समोर बसलेला असताना. आणि घाम. मे महिन्यात गोव्यात घाम कोणाला येत नाही म्हणा, पण हा एसीत बसूनही मानेवरून ओघळायचा. हे सगळं हळूहळू ओसरलं.

दोन गोष्टी मात्र राहिल्या. एक नवरा-बायकोतली. इच्छाच होत नाही, आणि झाली तरी शेवटपर्यंत पोचत नाही. इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून लिहितेय, डॉक्टरांना सांगतानाही जीभ अडखळली होती. दुसरी गोष्ट सांगायला कठीण. चतुर्थीला घरात सगळे गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत होते, दीर काहीतरी वात्रट बोलला, सगळे खो खो हसले. मीही हसले. हे मजेचं आहे एवढं कळत होतं, आतून काही हललं नाही.

पण लिहायला बसले ते लक्षासाठी. महिन्याची २० तारीख म्हणजे आमच्याकडे थ्री-बी रिटर्नची शेवटची तारीख. मी पाच तारखेला फाइल उघडते, एका बिलातला एचएसएन कोड तपासायला जाते, तिथून दुसऱ्याच क्लायंटचं जुनं पत्र वाचत बसते, आणि १९ च्या रात्री सगळं अंगावर येतं. उदासीमुळे होत असेल असं सगळे म्हणायचे, मलाही तेच वाटायचं. उदासी उतरली, हे तसंच राहिलं. मग डॉक्टरांनी आईला बोलावून घेतलं, शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली. आईने ट्रंकेत जपून ठेवलेली. “हुशार, पण धांदरट.” “वही अपूर्ण.” वर्ग बदलले, बाई बदलल्या, शेरा तोच. निदान झालं एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा लहानपणापासूनचा त्रास.

आता एस्सिटालोप्राम चालू ठेवून सोबत मिथाइलफेनिडेट घ्यावं असं ते म्हणतात. नको असेल तर अ‍ॅटोमॉक्सेटिन, किंवा एस्सिटालोप्राम बदलून ब्युप्रोपियॉन, हेही बोलले. पुढच्या भेटीपर्यंत विचार करून या, म्हणाले. दोन्ही प्रकारची औषधं घेतलेल्यांकडून मला ऐकायचंय. कुठलं जास्त लागू पडतं, कुठलं जास्त छळतं? धडधड वाढून ती पहाटेची धास्ती परत आली तर? आणि सवय लागते का? सासूबाईंनी कुठूनतरी “ती नशेची गोळी” असं ऐकलंय, त्यामुळे घरात त्याचं वेगळंच नाटक चालू आहे.

---

प्रॉम्प्टर_बार्देसकर

बाय, मी दोन्ही घेतो. सर्ट्रालिन, म्हणजे तुझ्या एस्सिटालोप्रामच्याच जातीचं, आधीपासून, मिथाइलफेनिडेट नंतर आलं. दिवसा म्हापशात जमिनीचे नकाशे काढतो, आणि जत्रांच्या हंगामात आमच्या मंडळाच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला दोन्ही गोळ्या नीट कळल्या त्या विंगेत पुस्तक धरून उभं राहताना.

“कुठलं जास्त लागू पडतं” याला तसं उत्तर नाही, कारण दोघींची कामं वेगळी. सर्ट्रालिनने लक्षाला काडीचाही फरक पडला नाही. मिथाइलफेनिडेटने माझी उदासी गेली नसती. ज्याला दोन्ही दुखणी आहेत त्याला एका गोळीवर दुसरीचं काम ढकलता येत नाही, निदान मला आलं नाही.

अनुभव म्हणशील तर दोन्हींची चाल अगदी उलटी. सर्ट्रालिन सुरू केल्यावर पहिले काही आठवडे फक्त पोट बिघडलेलं, बाकी काही नाही. फरक मला कळायच्या आधी बायकोला कळला. म्हणाली, “तू परत भांडायला लागलास, बरं झालं.” त्याआधी मी भांडतसुद्धा नव्हतो. मिथाइलफेनिडेटचं तसं नाही. सकाळी घेतली आणि तासाभरात एका प्लॉटचा नकाशा उघडला, सीमा जुळवल्या, सर्व्हे नंबर टाकले, संपवला, उठलो. आनंद नाही, तरतरी नाही, नशा तर नाहीच. काम सुरू झालं आणि संपलं, बस्स. इतकं साधं की मला जरा रागच आला, बाकीचे लोक इतकी वर्षं हे असंच करत होते?

पण ती जाते. साधी गोळी तीन-चार तासांची, लांब पल्ल्याची आठ ते बारा तासांची, कंपनीवर अवलंबून. उतरताना तास-दीड तास मी चिडका असतो. घरचे ओळखतात, त्या वेळात मला कोणी लाईटचं बिल दाखवत नाही.

आता नाटकाचं. जत्रेतलं नाटक पालखी, आरती, कोणाकोणाचे सत्कार उरकून मध्यरात्रीनंतर चालू होतं. तोवर सकाळची गोळी कधीच उतरलेली. डॉक्टरांना विचारलं, एका उत्सवापुरती संध्याकाळी घेऊन बघू का. ते म्हणाले, बघा, पण झोपेची आशा सोडा. घेतली. पूर्वी माझं व्हायचं असं की नाटक बघण्यातच मी रमायचो आणि नट ओळ शोधत माझ्याकडे बघतोय हे कळायचंच नाही. त्या रात्री एक ओळ सुटली नाही. आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत डोळ्याला डोळा नाही. तेव्हापासून उत्सवाची नाटकं बिनगोळीची करतो, पुस्तकात लाल पेनाने खुणा करून. स्पर्धेची नाटकं संध्याकाळी असतात, पण त्या वेळीसुद्धा उशिराची गोळी नाही घेत.

तुझी माटोळीची गोष्ट वाचून मला सर्ट्रालिनचं तेच आठवलं. आमच्या एका नाटकात तिसऱ्या अंकात आई मरते. मांडवात बायका पदर तोंडाला लावून रडतायत, आणि मी विंगेत कोरडा ठणठणीत. पूर्वी याच जागी माझा गळा दाटायचा आणि प्रॉम्प्टिंग बंद पडायचं. दिग्दर्शक खूश झाला, मी नाही झालो. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस थोडा उतरवला, आणि बरंचसं परत आलं. सगळं नाही. तेव्हा हे सांगच, “एवढं चालायचंच” म्हणून गप्प राहू नकोस. ती पहिली गोष्ट पण सांगितलीस ते बरं केलंस. या जातीच्या गोळ्यांचा तो अगदी नेहमीचा त्रास आहे. डोस कमी करणं, औषध बदलणं, ब्युप्रोपियॉन जोडणं, असे रस्ते डॉक्टरांकडे असतात. मिथाइलफेनिडेटने तो त्रास माझ्याबाबतीत गेला नाही, त्या आशेवर राहू नकोस.

धडधडीचं. पहिल्या आठवड्यात बोटं थंड पडायची, दात आवळले जायचे, नाडी जलद. पण जुन्या धास्तीसोबत विचार यायचे, ही नुसती अंगातली धडधड होती, डोकं शांत. दोन्हींतला फरक तुला आपोआप कळेल. काहींना खरंच धास्ती वाढते, मग डोस उतरवतात किंवा औषधच बदलतात. मी चहा कमी केला, टपरीवर उभं राहायची माझी सवय वाईट होती. बीपीचं मशीन घरात आणलं.

आणि भूक! दुपारी समोर बांगड्याचं हुमण आणि शीत, आणि मला त्याकडे बघवत नाही, हे बार्देसच्या माणसाने कोणाला सांगायचं? म्हणून गोळीच्या आधी पोटभर खातो, भाजी-पाव नाहीतर पेज. रात्री भूक दुप्पट लागते. वजन उतरलं, ते मला चाललं.

अ‍ॅटोमॉक्सेटिन मी आधी घेऊन पाहिलं होतं. मळमळ, तोंड कोरडं, आणि लघवीला उभा राहिलो की सुरूच होईना. माझ्या मावसभावाला तेच औषध उत्तम लागू आहे, चोवीस तास सारखं राहतं म्हणून त्याला आवडतं. त्याला उतारही नाही, रांगही नाही. रांगेचं फार्मसीवाले सांगतील.

काजूच्या दारूच्या, उर्राकच्या दिवसांत मित्र आग्रह करतात, तेवढं सांभाळ, म्हणजे तू घेत असशील तर. मिथाइलफेनिडेटवर असताना चढलेली कळत नाही आणि माणूस जास्त पितो.

---

सत्तरीचो_काको

आमच्या वेळी हे असले रोग नव्हते. धांदरट मुलगा असला की त्याला कुळागरात पाणी सोडायला लावायचे, आपोआप सुधारायचा. एक गोळी झाली, आता तिच्यावर दुसरी. उद्या दुसरीवर तिसरी. सकाळी प्राणायाम करा, मोबाइल बाजूला ठेवा. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे.

---

पीएचसी_समुपदेशक

काका, कुळागरात पाणी सोडायला लावलेला आमचा एक काका पाणी सुरू करून विसरायचा आणि सगळी सुपारीची वाफ वाहून जायची. त्याला तेव्हा नाव नव्हतं एवढंच. प्राणायामाला माझा विरोध नाही.

गोळी की बोलणं, यावर तर आपल्याच गोव्यात काम झालंय आणि ते कोणाच्याच बाजूने सरळ जात नाही. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात गोव्यातल्या साध्या बाह्यरुग्ण विभागांतला अभ्यास छापून आला. फ्लुओक्सेटिन (एस्सिटालोप्रामच्याच जातीचं), खोटी म्हणजे औषध नसलेली गोळी आणि समुपदेशन अशी तुलना. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, समुपदेशन ठरलं नाही. मग समुपदेशनाची पद्धतच बदलली. २०१७ साली संगाथ या गोव्यातल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या मंडळींनी गोव्यातल्या १० आरोग्य केंद्रांत नवा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घ्यायच्या, माणसाला हळूहळू पुन्हा रोजच्या उद्योगाला लावायचं. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक उदासीतून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. म्हणजे काकांचं “कामाला लावा” अगदीच वाया नाही, फक्त ते ओरडून होत नाही.

वहीताई, तुम्ही परिणामाची तुलना विचारलीत. २०१८ मध्ये दोन मोठे आढावे आले. एकात २१ अँटिडिप्रेसंट, ५२२ चाचण्या. सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस, पण सरासरी फरक माफक, संशोधकांच्या मापात साधारण ०.३ (आकडा मोठा तेवढा खोट्या गोळीपेक्षा फरक मोठा). दुसरा एडीएचडीचा. त्यात मोठ्या माणसांत मिथाइलफेनिडेट ०.५ च्या आसपास, मुलांत ०.८ च्या जवळ, अ‍ॅटोमॉक्सेटिन आणि ब्युप्रोपियॉन मोठ्यांत ०.४५ च्या आसपास. हे आकडे शेजारी ठेवून “स्टिम्युलंट, म्हणजे मिथाइलफेनिडेटसारखी औषधं, जास्त जोरदार” असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. उदासीत खोटी गोळी घेतलेले कितीतरी लोकही सुधारतात, त्यामुळे खऱ्या गोळीचं श्रेय लहान दिसतं. शिवाय त्या आढाव्यातला एडीएचडीचा पुरावा मुख्यतः काही आठवड्यांचा, वर्षांचा नाही. आणि सरासरीच्या आत काहींना भरपूर गुण, काहींना शून्य.

सवयीचं थोडं उलटं आहे, ते सासूबाईंना सांगा. मिथाइलफेनिडेटचा गैरवापर होतो हे खरं, म्हणून त्यावर कडक पहारा. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात, तोंडाने घेणाऱ्याला व्यसन लागण्याची शक्यता कमी. अनेक डॉक्टर तर शनिवार-रविवारी सुट्टी द्यायची मुभा देतात. तुमच्या एस्सिटालोप्रामला कोणी नशेची गोळी म्हणणार नाही, पण ते मात्र एका दिवसात सोडता येत नाही. चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं. पायरी पायरीने उतरावं लागतं.

एक विचारते. घरात कोणाला बायपोलर, म्हणजे मधेच झोप न लागता प्रचंड उत्साह, उधळपट्टी, असं होतं का? आणि लहान वयात हृदयाने गेलेलं कोणी? दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर असायला हव्यात. थायरॉइड तपासला नसेल तर तोही.

---

डिचोलीची_फार्मसीवाली

रांगेचं मी सांगते. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या सरकारी यादीत येतं. ते ठेवायला फार्मसीला वेगळा परवाना लागतो, म्हणून गल्लीतल्या दुकानात मिळणार नाही. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक आम्ही ठेवून घेतो आणि दोन वर्षं सांभाळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही, कितीही ओळखीचे असलात तरी. इन्स्पायरल, अ‍ॅडवाइज, कॉन्सर्टा ही नावं दिसतील. साधी आणि लांब पल्ल्याची गोळी एकच मिलिग्रॅम असली तरी एक नव्हे, अदलाबदल करून घेऊ नका. लांब पल्ल्याची चावायची किंवा फोडायची नाही. सिनेमात ऐकलेलं एडेरॉल इथे मिळत नाही, कोणी ऑनलाइन देतो म्हणाला तर लांब राहा. गोळ्या संपायच्या आधीच फोन करा, आमच्याकडेही माल कधी येतो कधी नाही. चतुर्थीच्या आठवड्यात तर विचारूच नका.

बाकी औषधांबरोबरचं जास्त महत्त्वाचं. एस्सिटालोप्रामवर असताना कंबर धरली म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन सारखं सारखं नको, पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल विचारल्याशिवाय अजिबात नको. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरपही विचारून. मिथाइलफेनिडेट चालू झालं की सर्दीच्या त्या फिनाइलएफ्रिनवाल्या गोळ्या टाळा, बीपी चढतं. ब्युप्रोपियॉन निवडलंत तर फिट येण्याचा इतिहास असेल तो आधी सांगा. आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिनबरोबर घेतलं तर त्याची रक्तातली पातळी चढते. ब्युप्रोपियॉनबरोबर घेतलं तरी तसंच. एस्सिटालोप्रामचं तेवढं नाही.

गिऱ्हाइकं काउंटरवर बहुतेक वेळा हे विचारत नाहीत, घाईत असतात, आणि मागे कोणीतरी गावचा उभा असतो. मनाच्या गोळ्यांना मी न विचारता खाकी पाकीट देते.

---

फोंड्याची_वही

सगळ्यांना देव बरें करूं. काका, तुम्हालाही. प्रगतिपुस्तक पाचवीचं आहे, तेव्हा घरात मोबाइल नव्हता, साधा लँडलाइनसुद्धा शेजारी होता.

घरात बायपोलर कोणी नाही. हृदयाचं आईला विचारलं तर तिने एका चुलत मामाचं सांगितलं, चाळिशीत गेला, नेमकं कशाने ते कोणालाच माहीत नाही. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी ईसीजी काढून आणायला सांगितलाय. थायरॉइड झालेला आहे, ठीक होता. बीपीचं मशीन नवऱ्याने मागवलं आणि आल्या आल्या सासूबाईंनी स्वतःचं मोजून घेतलं. त्यांचं माझ्यापेक्षा जास्त निघालं, आता घरातला विषय तो आहे.

ईसीजी नीट आला तर मिथाइलफेनिडेट घेऊन बघायचं असं माझं ठरतंय. एस्सिटालोप्राम आहे तेवढंच ठेवून. दोन्ही एकदम हलवलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. माटोळीचं आणि त्या दुसऱ्या गोष्टीचं नंतर एकेक करून बघू. सुरुवात २० तारीख उलटल्यावर. रिटर्नच्या धावपळीत धडधड गोळीची की तारखेची, कसं ओळखणार?

प्रॉम्प्टरबाब, दुपारची चिडचिड ऑफिसात कशी निभावता? माझी साहेबीण नेमकी चारला हिशेब मागते. आणि फार्मसीवाली ताई, नणंदेच्या घरी कोल्हापूरला आठवडाभर जायचंय, गोळ्या नेताना काही लागतं का?

---

प्रॉम्प्टर_बार्देसकर

चारच्या आधी काहीतरी खा. उपाशीपोटी उतार जास्त टोचतो. मी तीनला केळं खातो. तरी जमलं नाही तर डॉक्टरांना गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून मागता येतो, माझं तसंच करून बसलं. साहेबिणीला शक्य तर साडेतीनची सवय लाव.

---

डिचोलीची_फार्मसीवाली

मूळ पाकिटातच ठेवा, सुट्ट्या डबीत नको. चिठ्ठीची तुमची प्रत सोबत असू दे. लागतील तेवढ्याच न्या, आणि आठवडाभराला पुरतील ना ते निघायच्या आधी मोजा. ऐन वेळी तिथे नवीन दुकानात गोव्याची चिठ्ठी घेऊन उभं राहावं लागलं तर वेळ जाईल.